जॉबरचा कान

नवी पेठेत, चादरींच्या दोन दुकानांत चेपून बसलेलं
आमचं बंदुकांचं दुकान.
येणारा आधी माझ्या खांद्यावरून मागं बघतो,
‘मालक कुठायत?’
मालक भिंतीवर आहेत, हार घालून.
मी म्हणते, बोला.

राजमोगली येमूल मागं बघत नाहीत.
चपला दाराबाहेर काढतात,
परवान्याची वही रुमालातून सोडवतात.
दोन वर्षं, अकरा सह्या, आणि एक दाखला,
ज्यावर ‘काही नाही’ एवढंच लिहायला
ठाण्याला सात महिने लागले.

चाळीस वर्षं जॉबर. आजारी मागांचा वैद्य.
आता कारखान्याचा शनिवारचा पगार
बँकेतून अक्कलकोट रोडला नेतात,
मोपेडवर, टॉवेलांच्या गठ्ठ्याखाली.
‘शेठ म्हणले, एक ठेव कमरेला.
आणि अक्का, जावयाचं रान आहे नान्नजला,
डुकरं ज्वारी लोळवतात.
एकातच दोन्ही कामं होतील असं दाखव.’

मी म्हटलं, बत्तीस बोअरनं डुक्कर पडत नाही, चिडतं.
आणि वनखात्याचा कागद नसताना पडलंच,
तर तुम्ही पडता.
कमरेला हलकं लागतं. रानात जड.
ते हसले,
‘म्हणजे टॉवेल आणि चादर एका मागावर निघत नाही.’

हिरव्या कापडावर तीन मांडली.
लोक चकाकी बघतात, मूठ बघतात,
आरशात कंबर बघतात.
यांनी डोळे मिटले.
‘ओढ.’
पहिलीची स्लाइड ओढून सोडली.
‘सैल. पट्टा ढिला झालेल्या मागासारखी.’
दुसरी.
‘हिला तेल जास्त पाजलंय. मे महिन्यात धूळ धरेल.’
तिसरी.
बराच वेळ काही नाही. रस्त्यावर कुणीतरी बे, बे करत भांडत होतं.
‘परत.’
परत.
‘परत.’
‘ही खोटं बोलत नाही.’

अडकते कुठं, ते विचारलं.
मॅगझिनचे ओठ दाखवले: इथं जरा वाकलं
की गोळी तिरकी चढते, मधेच थांबते.
‘धोटा,’ ते म्हणाले.
एवढ्यात सगळं समजलं त्यांना.
मला समजायला वडिलांच्या हाताखाली चार वर्षं गेली होती.

मग निवडणूक लागली, हत्यारं जमा करायची नोटीस आली.
ठाण्यात जायच्या आधी ते दुकानात आले.
‘आवाज बदललाय.’
उघडून बघितलं तर आत
गुलाबी कापसाचं तूस. टॉवेलाचं.
चिमट्यानं काढत बसले, एकेक बोंड.
त्यांचं कोटीकाम माझ्या हातात, माझं त्यांच्या कमरेला.

‘एक सांगू, अक्का?’
गेल्याच्या गेल्या शनिवारी
दोन पोरं गाडी घासून शेजारी आली,
मागचा ओरडला, हात केला.
माझा हात गठ्ठ्याखाली पोचला होता.
बोट पण पोचलं होतं.
तो म्हणत होता,
काका, स्टँड! साइड स्टँड लावलंय, वर घ्या.

पंखा फिरत होता. तूस उडून गल्ल्यावर बसलं.

‘मागाला असतं ना,
ताण्याचा एक धागा तुटला
की पत्ती पडते, माग आपोआप थांबतो.
ह्यात तसलं काही आहे?’
सेफ्टी आहे की. ही बघा, अंगठ्यानं.
‘ती अंगठ्याची झाली.
अंगठा तर माझाच.’

मी काही बोलले नाही.
असल्या प्रश्नाचा सुटा भाग आमच्याकडं येत नाही.

निकाल लागून दीड महिना झाला.
ठाण्यातून फोन होता, सगळ्यांनी नेली,
येमूलांचं तेवढं पडून आहे, सांगा त्यांना.
सांगते म्हटलं.

शनिवारी अकराच्या सुमाराला
मोपेड दुकानासमोरून जाते.
गठ्ठा तोच, गुलाबी.
मी हाक मारत नाही.
चौकापर्यंत नुसता कान देते.